नजरेची वाट

पुण्याच्या सदाशिव पेठेतून किंवा नारायण पेठेतून सकाळी सातच्या सुमारास जाणाऱ्याला एक दृश्य हटकून पाहावयास मिळते. रस्ता अरुंद असतो. त्याच्या कडेला मोटारी आणि दुचाकी एकमेकींना खेटून उभ्या असतात. मधूनच एखाद्या इमारतीचे फाटक उघडते. आतून रखवालदार बाहेर येतो, थेट रस्त्यावर जाऊन उभा राहतो, शिट्टी फुंकतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना हात दाखवितो. मग फाटकातून एका मोटारीचे नाक हळूच पुढे सरकते, थांबते, पुन्हा वीतभर सरकते, पुन्हा थांबते. कासवाने चाहूल घेत घेत मान बाहेर काढावी, तसा हा प्रकार चालतो. शाळेला निघालेली मुले सायकलींचे ब्रेक दाबतात, एखादा दुचाकीस्वार कुरकुरत वळसा घालून जातो, आणि मोटार एकदाची रस्त्याला लागते. रखवालदार फाटक ओढून घेतो व पुन्हा आपल्या खुर्चीवर जाऊन बसतो.

ह्या सगळ्या खटाटोपात रखवालदाराने नेमके केले तरी काय? त्याने मोटार ढकलली नाही, की रस्त्यातला एखादा धोंडा बाजूला केला नाही. फाटकासमोरची जागा तर मोकळीच होती. त्याने चालकाला फक्त आपले डोळे उसने दिले. चालकाला रस्ता दिसत नव्हता. तो दिसावा म्हणून दुसऱ्या एका माणसाला वाहत्या रस्त्यात जाऊन उभे राहावे लागले. आणि ज्या इमारतीला रखवालदार नाही, तेथे काय होते? तेथे चालक भोंगा वाजवितो, मनातल्या मनात देवाचे नाव घेतो आणि गाडी पुढे घेतो.

पेठांतील जुन्या वाड्यांना एक मोठा दरवाजा असे. त्यातून माणसे जात-येत, गुरे जात-येत, क्वचित एखाद्याची घोडागाडी बाहेर पडे. घोडागाडी बाहेर पडताना सर्वांत पुढे असे ते घोड्याचे तोंड, आणि घोड्याला डोळे असतात. आडवी बैलगाडी येताना दिसली, की तो आपण होऊन कान टवकारी आणि पाय रोवून उभा राही. गाडीवानाने लगाम खेचण्याची वाट तो पाहत नसे. मोटारीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या पुढच्या टोकाला दोन दिवे असतात आणि लहान मुले चित्र काढताना त्यांनाच तिचे डोळे समजून रंगवितात. पण ते दिवे काही पाहू शकत नाहीत. पाहणारा माणूस बराच मागे बसलेला असतो. पुढे वाडे पाडले गेले, त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या, तळमजल्यावर खांबांच्या मध्ये गाड्या ठेवण्याची सोय झाली आणि प्रत्येक इमारतीला आपापले फाटक आले. आत न मावणाऱ्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहू लागल्या. वाड्याच्या दरवाजाशेजारी पूर्वी फार तर एखादा ओटा असे. आता फाटकाच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या भिंती उभ्या असतात.

मोटारीच्या पुढच्या टोकापासून चालकाच्या डोळ्यांपर्यंत साधारणपणे दोन ते अडीच मीटर अंतर असते. ब्रिटनमध्ये वस्तीतील रस्त्यांसंबंधी २००७ साली एक मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. तीत हे अंतर २.४ मीटर धरावे असे सांगितले आहे. अंतर ऐकायला लहान वाटते. परंतु सारा घोटाळा ह्या अडीच मीटरांतच आहे. कारण चालकाला रस्ता दिसू लागण्याच्या आधी त्याची मोटार रस्त्यात पोहोचलेली असते.

हे डोळ्यांनी पाहावयाचे असेल, तर शाळेच्या पटांगणात एक प्रयोग करता येतो. त्याला खडू, एक सतरंजी, सुमारे २.४ मीटर लांबीची काठी आणि पाचसहा मुले पुरेत. खडूने एक सरळ रेघ मारावी. ती रस्त्याची कड. तिच्यापासून दोन मीटरांवर दुसरी समांतर रेघ मारावी. कडेला उभ्या केलेल्या मोटारींची बाहेरची बाजू ह्या रेघेपर्यंत येते असे समजावे. पहिल्या रेघेवर साडेतीन मीटर रुंदीचे फाटक आखावे. आता एका मुलाने फाटकात रस्त्याकडे तोंड करून उभे राहावे आणि काठी समोर आडवी धरावी. हे मूल म्हणजे चालक, आणि काठीचे टोक म्हणजे मोटारीचे नाक. काठीचे टोक दुसऱ्या रेघेला नेमके टेकले पाहिजे. चालकाच्या उजव्या हाताला, फाटकाच्या कडेपर्यंत, सुमारे दीड मीटर जागा राहील असे पाहावे. दोन मुलांनी फाटकाच्या उजव्या कडेला लागूनच सतरंजी उंच व उभी ताणून धरावी, पहिल्या रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत. ही झाली कडेला उभी असलेली मोटार. शेवटच्या मुलाने उजवीकडून, दुसऱ्या रेघेच्या एक मीटर बाहेरून, चालत यावे. तो दुचाकीस्वार.

चालक झालेल्या मुलाला तो केव्हा दिसतो? जेमतेम दोन मीटरांवर येऊन ठेपल्यावर! हात लांब केला तर जवळजवळ हाताला लागेल, इतक्या जवळ. सतरंजी फाटकापासून पाच मीटर दूर नेली, म्हणजे एका मोटारीएवढी जागा मोकळी सोडली, तर तोच मुलगा नऊ मीटरांवरून दिसू लागतो. दहा मीटर सोडले तर सोळा मीटरांवरून. वीस मीटर सोडले, तर सुमारे तीस मीटरांवरून. ज्यांना भूमितीतील समरूप त्रिकोण शिकविले गेले आहेत, त्यांना हे आकडे कागदावर मांडूनही काढता येतील; आणि ज्यांना ते अजून शिकावयाचे आहेत, त्यांना त्यांचा उपयोग काय, हा प्रश्न पुढे पडणार नाही. फाटकाशेजारी मोकळ्या सोडलेल्या प्रत्येक मीटरामागे नजरेला जवळजवळ दीड मीटर मिळतो.

पण तीस मीटर तरी कशाला हवेत? येणारी दुचाकी समोर मोटार दिसताच थांबणार नाही का? थांबते, परंतु लगेच थांबत नाही. ह्या प्रश्नाचा हिशेब भारतातील अभियंत्यांनी फार पूर्वी करून ठेवला आहे. १९२७ मध्ये देशातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. ह्या समितीच्या शिफारशींतून १९३४ साली 'इंडियन रोड्स काँग्रेस' ही रस्तेबांधणीच्या तज्ज्ञांची संस्था उभी राहिली. रस्ता किती लांबवर दिसला पाहिजे, यासंबंधी ह्या संस्थेने १९७६ साली नियम घालून दिले. त्यांत असे धरले आहे, की समोर काही आडवे आले, तर ते दिसणे, ते काय आहे हे उमगणे आणि पाय ब्रेकवर जाणे, ह्याला अडीच सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारे वाहन जवळजवळ २१ मीटर पुढे येते. ब्रेक लागल्यावर ते आणखी नऊ मीटर घसटत जाते. एकूण झाले ३० मीटर. वेग ताशी ५० किलोमीटर असेल, तर हाच आकडा ६० मीटरांवर जातो. वेग दुप्पटही झाला नाही, पण अंतर मात्र दुप्पट झाले!

हे नियम गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यांसाठी केलेले आहेत, आणि त्यांत सावधगिरीखातर थोडी सढळ मापे घेतली आहेत, हे खरे. वस्तीतला माणूस अधिक सावध असतो. ब्रिटनच्या मार्गदर्शिकेने ताशी ३० किलोमीटर वेगाला २३ मीटर पुरेसे मानले आहेत. तेवीस घ्या किंवा तीस घ्या. पटांगणातल्या प्रयोगात चालकाला दिसले होते ते दोन मीटर. दोन मीटरांचे अंतर ताशी ३० किलोमीटर वेगाची दुचाकी पाव सेकंदात तोडते. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच तो वेळ होय.

मग अशा फाटकांपाशी रोजच अपघात का होत नाहीत? चालक गोगलगायीच्या गतीने बाहेर येतात, रस्त्याने जाणारे लोकही फाटके ओळखून असतात, रखवालदार शिट्ट्या फुंकतात. ह्या सगळ्यांमुळे पुष्कळदा निभावून जाते. दाट वस्तीत नजरेच्या आड गाड्या उभ्या असणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि त्यामुळे प्रत्यक्षात फारशी मोठी अडचण झाल्याचे दिसत नाही, असे ती ब्रिटिश मार्गदर्शिकादेखील प्रांजळपणे नमूद करते. परंतु हे निभावणे दुसऱ्याच्या भरवशावर असते. मोटारीचे नाक मीटरभर बाहेर आले, म्हणजे चालकाला थोडे अधिक दिसते खरे. पण सायकलवरच्या मुलाची वाट तेवढ्याने अडते. त्याला ती मोटार चुकवायची, तर रस्त्याच्या मध्याकडे वळावे लागते, आणि तेथे मागून बस किंवा टेंपो येत असतो. चालकाने सावधपणे पाहून घेण्याची किंमत अशी दुसऱ्याच कोणी मोजलेली असते. विजेवर चालणाऱ्या दुचाकी आल्यापासून तर कानांचाही आधार कमी झाला आहे. पूर्वी फटफटीचा आवाज गल्लीच्या टोकापासून ऐकू येई.

कोणी म्हणेल, की मोटारींना काचा असतात, त्यांतून पलीकडचे दिसत नाही काय? एकच ठेंगणी मोटार उभी असेल तर थोडेफार दिसते. पण चालक तिरका पाहत असतो. एकामागे एक चारपाच मोटारी उभ्या असल्या, की काचेपुढे काच आणि खांबापुढे खांब येऊन नजर अडते. आणि त्यांत एखादा माल वाहणारा टेंपो असला म्हणजे प्रश्नच मिटला. शिवाय ज्याला पाहावयाचे आहे, त्याची उंचीही ध्यानात घेतली पाहिजे. साध्या मोटारीचे छत जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच असते. अकरा वर्षांच्या मुलाची उंची साधारण एक मीटर चाळीस सेंटीमीटर भरते. म्हणजे सहावीत जाणारे मूल उभ्या मोटारीआड पूर्ण झाकले जाते. त्याचा हात धरून चाललेल्या धाकट्या भावंडाबद्दल तर बोलावयासच नको. तेच मूल दोन गाड्यांच्या फटीतून बाहेर पडते तेव्हा चालकाला ते दिसत नाही, आणि त्यालाही मोटार दिसत नाही. ज्या भिंतीने एकाचे डोळे बांधले, तिने दुसऱ्याचेही बांधलेले असतात.

फाटकांवर लावलेल्या पाट्यांविषयी पुणे शहराची ख्याती आहे. 'फाटकासमोर वाहन लावू नये' एवढ्यावर तेथील घरमालकाचे समाधान होत नाही. 'लावल्यास हवा सोडण्यात येईल' असेही तो पुढे लिहून ठेवतो. पाटी वाचून हसू येते, पण तिचा धाक असतो. फाटकासमोर सहसा कोणी गाडी उभी करीत नाही. ती उभी राहते फाटकाच्या शेजारी, अगदी खांबाला चिकटून; आणि पाटीचा शब्दही मोडलेला नसतो! पाटीने गाडीच्या अंगासाठी वाट राखली. नजरेसाठी वाट राखावयाची असते, हे पाटी लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आले नाही.

पाटी लिहिणाऱ्यालाच दोष का द्यावा? कायद्याची भाषाही पुष्कळदा अशीच आहे. केंद्र सरकारने १९८९ साली रस्त्यावरील वाहतुकीचे जे नियम केले, त्यांत वाहन कोठे उभे करू नये याची यादी होती. शाळेच्या व रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराच्या 'जवळ' वाहन उभे करण्यास मनाई होती. इतर आवारांच्या बाबतीत मात्र प्रवेशद्वार 'अडेल' अशा रीतीने ते उभे करू नये, एवढेच म्हटले होते. एका शब्दाचा फरक. पण त्या एका शब्दात शाळेच्या मुलांसाठी नजरेची वाट राखलेली होती आणि गल्लीतील मुलांसाठी ती राखावयाची राहून गेली होती. २०१७ मध्ये ह्या नियमांच्या जागी नवे विनियम आले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२२ वे कलम अधिक व्यापक आहे. इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा स्थितीत वाहन सोडून जाण्यास ते मनाई करते. 'धोका' हा शब्द तेथे आहेच. तथापि निमूटपणे उभ्या असलेल्या रिकाम्या मोटारीला धोका म्हणावे, असे कोणाच्या मनात येत नाही.

परदेशांत काही ठिकाणी अंतरच ठरवून दिलेले आहे. न्यूझीलंडमध्ये घराच्या वाहनमार्गापासून एक मीटरच्या आत गाडी उभी करता येत नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात हे अंतर पाच फूट, म्हणजे सुमारे दीड मीटर आहे. एवढ्या जागेने गाडीला वळावयास सोपे जाते. नजरेला मात्र तिचा फारसा लाभ नाही, हे पटांगणातील आकड्यांवरून कोणीही ताडील. रस्ते एकमेकांना मिळतात तेथे हाच विचार अधिक उदारपणे केलेला आढळतो. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत चौकापासून दहा मीटरांच्या आत गाडी उभी करू नये असे सांगितले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२३ साली एक कायदा संमत केला. पायी चालणारे जेथे रस्ता ओलांडतात, तेथून अलीकडे वीस फूट, म्हणजे सहा मीटर, जागा मोकळी ठेवावी असा तो कायदा असून १ जानेवारी २०२५ पासून तो मोडणाऱ्यास दंड होऊ लागला. त्यातील 'अलीकडे' हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्या बाजूने वाहने येतात, ती ही बाजू. तिकडचे अभियंते ह्या कामासाठी 'उजेड करणे' अशा अर्थाचा एक शब्द वापरतात. दिवा न लावता, केवळ एक गाडी हलवून केलेला हा उजेड!

न्यूयॉर्क शहरासमोर, हडसन नदीच्या पलीकडच्या काठावर, होबोकेन नावाचे एक लहान व दाट वस्तीचे शहर आहे. तेथील नगरपालिकेने एकामागून एक कोपरे असे मोकळे केले. नुसत्या रेघा मारून भागत नाही, लोक रेघेवरही गाडी उभी करतात, हे ओळखून तिने तेथे कोठे खांब रोवले, कोठे फुलझाडांचे वाफे केले, तर कोठे सायकली लावण्याचे कठडे बसविले. वाफ्यावरून आणि सायकलीवरून नजर पलीकडे जाते. मोटार मात्र तेथे उभी राहू शकत नाही. २०१७ च्या जानेवारीनंतर सात वर्षे त्या शहरात रस्त्यावरील अपघातात एकही माणूस दगावला नाही. हे सारे श्रेय मोकळ्या कोपऱ्यांना देणे मात्र बरोबर होणार नाही. त्याच काळात, २०२२ साली, तेथे वेगाची मर्यादाही ताशी २० मैलांवर, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरांवर, आणण्यात आली होती.

आता प्रश्न उरतो तो पेठेतल्या गल्लीचा. तेथे एका फाटकापासून दुसरे फाटक कित्येकदा पंधरावीस पावलांवर असते. प्रत्येक फाटकाशेजारी वीस मीटर मोकळे सोडावयाचे म्हटले, तर संपूर्ण रस्त्यावर एकही गाडी उभी करता येणार नाही. पाच मीटर जागा सोडणे म्हणजेसुद्धा एका मोटारीची किंवा पाचसहा दुचाकींची जागा सोडणे होय, आणि त्या जागेवर कोणाच्या तरी दुकानाचे गिऱ्हाईक, कोणाच्या तरी दवाखान्यातला रोगी अवलंबून असतो. ह्या भांडणात सगळेच वादी आणि सगळेच प्रतिवादी असतात. आपल्या फाटकाशेजारच्या गाडीमुळे काही दिसत नाही म्हणून जो गृहस्थ सकाळी चिडलेला असतो, तोच संध्याकाळी आपली दुसरी गाडी शेजारच्या फाटकाला खेटून उभी करतो.

तरीही थोड्या जागेत पुष्कळ साधता येते. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे फाटकातून बाहेर येणाऱ्याला अगदी जवळून जाणारी वाहने उजव्या हाताकडून येतात. तेव्हा मोकळी जागा सोडावयाची ती मुख्यतः उजवीकडे. नियम मोडून उलट दिशेने येणारे दुचाकीस्वार डावीकडूनही येतात, हे दुर्दैवाने खरे आहे. आणि एकेरी रस्त्यावर वाहने डावीकडून येत असतील, तर हिशेब उलटा करावा लागेल. परंतु सामान्यतः उजवीकडची एका मोटारीएवढी जागा सोडली, की दोन मीटरांचे नऊ होतात. ती जागा ओसही ठेवावी लागत नाही. तेथे सायकली लावाव्यात. मोठी मोटार, टेंपो किंवा व्हॅन मात्र तेथे नसावी. नऊ मीटरांत ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन थांबत नाही. पण ताशी पंधराच्या आसपास वेग असेल, तर थांबण्याची पुष्कळ आशा असते. म्हणून अशा गल्लीत मोकळी जागा आणि कमी वेग ह्यांची जोडी हवी. एकाने भागत नाही.

काही फाटकांसमोर विजेच्या खांबावर बहिर्वक्र आरसा बसविलेला असतो. त्यात पुष्कळ मोठा भाग दिसतो, परंतु प्रतिमा लहान दिसत असल्याने वाहन असते त्याहून दूर वाटते. आणि आरशावर धूळ बसते, पावसाचे थेंब साचतात. मोटार आत नेतानाच उलटी नेऊन लावावी, म्हणजे निघताना ती सरळ बाहेर काढता येते, ही ब्रिटनच्या संहितेतील सूचना अधिक उपयोगाची आहे. तिला खर्चही नाही. मागे मान वळवून गाडी रस्त्यावर काढणाऱ्याला सीटा आणि खांब आड येऊन जे दिसत नाही, ते पुढच्या काचेतून बरेचसे दिसते.

पुण्यातील काही रस्त्यांवर एक बाजू सम तारखांना आणि दुसरी बाजू विषम तारखांना गाड्या उभ्या करण्यासाठी राखून ठेवलेली असते. तशा पाट्या तेथे लावलेल्या असतात. ही व्यवस्था जागेच्या टंचाईमुळे केलेली आहे. नजरेच्या वाटेचा विचार तीत कोणी केला असेल असे वाटत नाही. पण अशा रस्त्यावरच्या एखाद्या फाटकाशी लागोपाठ दोन दिवस सकाळी उभे राहून पाहावे. पहिल्या दिवशी गाड्या फाटकाच्या बाजूला असतात. रखवालदार धावत रस्त्यात जातो, शिट्टी वाजते, सायकली थबकतात, मोटार वीतवीत पुढे येते. दुसऱ्या दिवशी तारीख बदलते आणि गाड्या समोरच्या कडेला जातात. फाटक तेच, मोटार तीच, चालकही तोच असतो. मोटार रस्त्याच्या कडेपाशी येऊन थांबते, चालक उजवीकडे पाहतो, शाळेला निघालेल्या दोन सायकली त्याला लांबूनच दिसतात, तो त्यांना जाऊ देतो आणि मग वळतो. रखवालदार फाटकाची कडी हातात धरून आतच उभा असतो.